उसने घेतलेले दहा परत कधी द्यायचे?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. सोमवार उजाडला की त्याचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. तुम्ही दोन्ही मुलांना घरी शिकवलंत असं कळलं. हे का निवडलंत? शाळा वाईट होती का? कायद्याने चालतं का? आणि पुढे दहावीचं काय?"

ताई, पहिल्या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे. बाकीच्यांची उत्तरं एकेका परिच्छेदात मावतील. 'का' हे मात्र नीट कळलं नाही, तर घरशाळा पहिल्या दोन वर्षांतच अंगावर येते. हे मी आमच्या घरात पाहिलं आणि गेल्या तेरा वर्षांत नाशिकमधल्या बऱ्याच घरांत पाहिलं.

मी स्वतः शिक्षिका होते. याच शहरातल्या एका शाळेत नऊ वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. थोरली दुसऱ्या एका शाळेत दुसरीत होती. एके दिवशी तिच्या डायरीत लाल शाईचा शेरा आला: वर्गात काम पूर्ण करत नाही. वही उघडली. आठ वजाबाक्या होत्या, त्यातली एकच तिने हातात घेतली होती आणि तीही अर्धी. ५२ वजा २७. पाच खोडून वर चार लिहिलेले, दोनाच्या शेजारी एक काढलेला आणि पुढे काहीच नाही. त्या एकावर पेन्सिल इतक्यांदा फिरली होती की कागद फाटायला आला होता.

"इथे का थांबलीस गं?"

"आई, दोनातून सात जात नाहीत म्हणून शेजारून दहा उसने घेतले. मग ते परत कधी द्यायचे?"

आमच्या वाड्यात खालच्या काकूंकडून वाटीभर साखर आणली, तर दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत जायची. ती वाटी पोचवायचं काम थोरलीचंच होतं. 'उसनं' या शब्दाचा अर्थ तिला आपल्या पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक होता. वर्गातही तिने हाच प्रश्न विचारला होता. बाई म्हणाल्या, "आधी गणितं पूर्ण कर."

त्या बाईंचा मला तेव्हाही राग आला नाही आणि आजही नाही. पस्तीस मिनिटांचा तास, समोर पन्नासेक मुलं, महिनाअखेरीला चाचणी. त्यांच्या जागी मी असते, तर हेच म्हणाले असते. खरं तर नऊ वर्षं हेच म्हणत आले होते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण लिहिलेलं आहे. माझ्या स्वतःच्या वर्गात तेव्हा ५२ मुलं होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती लेकीच्या शेऱ्यामुळे नव्हे. माझ्या वर्गात असे किती प्रश्न मी 'आधी पूर्ण कर' म्हणून परत पाठवले असतील, हे मनातून जाईना.

पुढचे चार दिवस तिला थोडा ताप होता म्हणून ती घरी होती. आम्ही आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या, दहा-दहाच्या जुड्या केल्या आणि त्यांना रबर लावले. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. ती जुडी सोडायची, पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. मी काही सांगितलं नाही. सांगायची सवय इतकी मुरलेली होती की गप्प बसायला मला फार जड गेलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी वाण्याकडून येत होतो. मी शंभराची नोट दिली होती, त्याने सुट्टे परत दिले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

"आई, ते उसने नसतातच! ते आपलेच असतात. आपण फक्त सुट्टे करून घेतले!"

त्या चार दिवसांत तिने वहीत एकही वजाबाकी लिहिली नाही. नंतर मात्र मला तिला वजाबाकी कधी शिकवावी लागली नाही. दशांश अपूर्णांक आले तेव्हा 'इथे पण सुट्टेच करायचे ना?' असं तिनेच विचारलं.

तुमच्या 'का'चं माझं उत्तर हे आहे, ताई. शाळा वाईट होती म्हणून आम्ही मुलांना घरी ठेवलं नाही. प्रश्नाजवळ चार दिवस थांबायची मोकळीक मुलाला हवी होती आणि ती शाळेला देता येण्यासारखी नव्हती. आम्हाला ती देता येत होती. मी नोकरी सोडू शकत होते, यांचा पगार जेमतेम का होईना पुरणार होता आणि घरात सासूबाई होत्या. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती, तर मी आज हे उत्तर लिहीत नसते.

माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक पालक शाळेवर चिडून आलेले असतात. फी वाढली, बाई ओरडल्या, वर्गात कुणी छळलं, मुलगा चाचणीत नापास झाला. हा राग खोटा नसतो, अनेकदा अगदी रास्त असतो. पण रागावर घरशाळा चालत नाही. दाखला हातात आला की राग दोन-तीन महिन्यांत निवतो. मग सकाळी अकरा वाजता मूल समोर बसलेलं असतं, गॅसवर कुकर असतो, आणि 'आता काय?' याचं उत्तर रागाकडे नसतं. रागावून शाळा सोडवलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांतली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परत शाळेत गेलेली मी पाहिली. ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण मुलाला दोनदा उपटून दोनदा लावणं झालं, आणि रोपाला जे होतं तेच मुलालाही होतं.

दुसरे येतात ते मुलाला पुढे पळवायला. सातव्या वर्षी पाचवीचं गणित, बाराव्या वर्षी दहावी. त्यांना मी दरवेळी नाही म्हणते. शाळेची घाई सोडून घरची घाई आणायची असेल, तर शाळा परवडली. तिथे निदान मधली सुट्टी तरी असते.

आता आमचं पहिलं वर्ष कसं फसलं ते सांगते, कारण तुमच्याकडूनही हे होण्याची शक्यता आहे. मी शिक्षिका, त्यामुळे घरातच शाळा थाटली. भिंतीवर वेळापत्रक. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, मग पंधरा मिनिटं सुट्टी. हॉलमध्ये फळा लावला. थोरली पहिला महिना कौतुकाने बसली, दुसऱ्या महिन्यात चुळबुळ करायला लागली आणि दिवाळीच्या आधी एकदा रडत म्हणाली, "शाळेत निदान तू नव्हतीस. घरी आल्यावर तू होतीस." तिला शाळेतून काढून मी तिची आईच काढून घेतली होती. दिवाळीच्या सफाईत वेळापत्रक उतरवलं. फळा ठेवला, पण तो मुलांचा झाला. त्यावर किराण्याची यादी, चित्रं, भांडणाच्या चिठ्ठ्या, काहीही असायचं. त्यानंतर चार-पाच महिने आम्ही जवळजवळ काहीच 'शिकवलं' नाही. सगळ्यात कठीण काळ तोच होता. नातेवाईक विचारायचे, 'सध्या काय चाललंय?' आणि माझ्याकडे दाखवायला काही नसायचं. ती वाचत होती, झोपत होती, कोळ्यांची जाळी बघत होती. नव्या पालकांना मी सांगते की शाळेतून काढलेल्या मुलाला आधी शाळा अंगावरून उतरवायला वेळ द्या. तुमच्या मुलाला तो आणखी लागेल, कारण त्याचं पोट दुखतंय.

धाकटा तिच्याहून चार वर्षांनी लहान. तो तेव्हा शाळेत गेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या अंगावरून उतरवायला काही नव्हतं. त्याचं शिक्षण निराळ्याच वाटेने झालं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, भावाचा कांदा असतो. धाकटा दहा वर्षांचा असताना मामाबरोबर लासलगावच्या बाजार समितीत जायला लागला. पहाटे निघायचं, ट्रॅक्टरच्या रांगेत थांबायचं, लिलाव बघायचा. पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा खिशातून काटापट्टीची झेरॉक्स काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. भुईकाट्यावर भरलेला ट्रॅक्टर ५३ क्विंटल ४० किलो, रिकामा ३५ क्विंटल. म्हणजे माल १८ क्विंटल ४० किलो. भाव १,३५० रुपये क्विंटल. त्याने वरणभात तसाच ठेवून गुणाकार केला: २४,८४० रुपये. मग मामाने दाखवलेली हिशोबपट्टी आठवून त्यातली कपात मांडायला बसला. त्या रात्री त्याला शतमान शिकायचं होतं, कारण त्याला ते लागत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हे गणिताचं उदाहरण म्हणून सांगितलं असतं. पण दोन दिवसांनी तो माझ्याबरोबर भाजी आणायला आला. कांदा तीस रुपये किलो होता. घरी येईपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामाला साडेतेरा मिळाले. आपण तीस दिले. मधले साडेसोळा कुठे गेले?" हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर राहिला. मामाला फोन झाला, भाजीवाल्या मावशींना विचारून झालं, टेम्पोचं भाडं, गोणी, वाळून घटलेलं वजन, सडलेला माल, घाऊक बाजार, हातगाडी, सगळं एका मोठ्या कागदावर आलं. मावशींनी त्याला त्यांच्याकडचा उरलेला, कोंब आलेला कांदा दाखवला आणि म्हणाल्या, "हा पण विकत घेतलाय बाळा, पण हा कुणी घेत नाही." हे त्याने कागदावर वेगळ्या रंगाने लिहिलं. शेवटी साडेसोळांपैकी तीनेक रुपयांचा हिशोब लागलाच नाही. तो कागद अजून कपाटावर आहे. पुस्तकात याला अर्थशास्त्र, भूगोल, नागरिकशास्त्र म्हणतात आणि तीन वेगळ्या तासांना शिकवतात.

थोरलीचं वेड पांडवलेणी. शाळेच्या सहलीत ती एकदा गेली होती. रांगेत चढले, रांगेत उतरले, वर फोटो काढला. अकरा वर्षांची असताना आम्ही दोघी एका हिवाळ्यात तिथे सहा वेळा गेलो. चोवीस लेण्यांपैकी आमची सगळी हजेरी तिसऱ्या लेण्यात. तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. वहीत ब्राह्मीची बाराखडी उतरवून नेली होती. पहिल्या दिवशी पाऊण तासात तिला दोन अक्षरं लागली: 'सिधं'. लेखाची सुरुवातच त्या शब्दाने होते. ती इतकी मोठ्याने ओरडली की शेजारच्या लेण्यातले लोक बघायला आले. मग घरी येऊन शोधलं की हा लेख कुणाचा. सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने तो कोरवून घेतला, आणि त्यात आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलं. मुलगा राजा, पण नावात आईचं नाव. थोरलीने विचारलं, "म्हणजे आईने मुलाबद्दल लिहिलंय? पण मग तो तेव्हा होता की नव्हता?" एवढ्या साध्या प्रश्नावर विद्वान मंडळींनी किती लिहिलं आहे, हे मला तेव्हा कळलं. सहा वेळा तिथे जायला वेळ होता म्हणून तिला तो प्रश्न पडला.

आजूबाजूची माणसं काय म्हणाली ते थोडक्यात. माझे वडील सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. शिक्षिकेनेच मुलीला शाळेतून काढावं, हे त्यांना लागलं होतं. यांना भीती होती ती सर्टिफिकेटची. आमच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या सासूबाई. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि शिक्षण तिथेच सुटलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून बी.ए. पूर्ण केलं. १९८९ साली हे विद्यापीठ नाशिकला आलं, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला त्याचं मोठं आवार आहे, आणि सासूबाईंसारख्या किती बायकांनी तिथून पदवी घेतली त्याला गणती नाही. त्या यांना म्हणाल्या, "अरे, मी स्वयंपाक करता करता बी.ए. झाले. पेपर लिहायला डोकं लागतं, शाळेचा बाक लागत नाही." त्या दिवसानंतर घरात हा विषय निघाला नाही.

कायद्याचं सांगते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. 'होमस्कूलिंग' हा शब्द कायद्यात नाही, त्याला परवानगी दिलेली नाही. पण मूल घरी शिकवलं म्हणून पालकांना शिक्षा, असंही कलम त्यात नाही. म्हणजे तुम्ही मोकळ्या रस्त्यावर नाही, पायवाटेवर असता, आणि हे समजूनच निघावं. आमच्याकडे एकदा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला दोन शिक्षिका आल्या होत्या. मी काही लपवलं नाही. मुलांच्या वह्या, तो कांद्याचा कागद, वाचलेल्या पुस्तकांची यादी समोर ठेवली. अर्धा तास बसल्या, चहा घेतला, धाकट्याकडून लिलाव कसा होतो ते ऐकलं आणि त्यांच्या कागदावर नोंद करून गेल्या. तुम्ही खरंच शिकवत असाल, तर दाखवायला भरपूर असतं. तारीख घालून ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

त्याच कायद्यातलं चौथं कलम मला सगळ्यात जास्त धीर देतं. शाळेत न गेलेलं किंवा शाळा सुटलेलं मूल आलं, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. म्हणजे आठवीपर्यंत परतीचा दरवाजा उघडा आहे. आमच्या धाकट्याने तो वापरला. बाराव्या वर्षी तो म्हणाला, "मला शाळेत जायचंय. रोज कुणाबरोबर तरी डबा खायचाय." मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन रात्री मी विचार करत बसले की माझं काय चुकलं. मग लक्षात आलं की त्याला काय हवंय ते तो इतकं नेमकं सांगू शकतो, यातच आमची बारा वर्षं आली. आठवीला त्याला एका मराठी शाळेत घातलं. मुख्याध्यापकांनी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि वर्गात बसवलं. पहिल्या घटक चाचणीत त्याला विज्ञानात कमी मार्क पडले, कारण 'व्याख्या लिहा' म्हणजे पुस्तकातलेच शब्द लिहायचे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या चाचणीपर्यंत ते कळलं. आता तो अकरावीत आहे.

दहावीचं तुम्ही विचारलंत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, ती केंद्र सरकारची आहे. दहावीसाठी वय चौदा पूर्ण लागतं, बारावीसाठी पंधरा. पाच विषय घ्यायचे, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. थोरलीने एप्रिलला तीन विषय दिले, ऑक्टोबरला दोन. दुसरा मार्ग आपल्या राज्य मंडळाचा, खासगीरीत्या बसण्याचा, ज्याला सगळे 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. त्याच्या तारखा आणि अटी दरवर्षी नीट वाचाव्यात, आणि त्यासाठी जुना शाळेचा दाखला लागतो. केंब्रिजची परीक्षा खासगीरीत्या देणारीही मुलं आहेत, पण तिची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. थोरली आता इथल्याच एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या खिडकीवर तिची गुणपत्रिका कुणी दोनदा उलटून बघितली नाही.

मैत्रीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यात मोठा तोच आहे, आणि आमच्यासाठी सगळ्यात दुखरा. लोक म्हणतात, घरी शिकणारी मुलं माणसांत मिसळत नाहीत. तसं नाही. आमची मुलं भाजीवालीपासून प्रोफेसरांपर्यंत कुणाशीही बोलायची. अडचण समवयस्कांची होती. थोरली बारा-तेरा वर्षांची झाली आणि तिच्या मैत्रिणी एकेक करून क्लासला जायला लागल्या. संध्याकाळी पाच ते आठ मैदान रिकामं. ती सायकल घेऊन दोन फेऱ्या मारायची आणि घरी यायची. ते वर्ष मला अजून टोचतं. मग आम्ही सहा घरांनी मिळून दर गुरुवारी एकत्र यायला सुरुवात केली. कधी कुणाच्या गच्चीवर, कधी गोदाकाठी सोमेश्वरला, पावसाळ्यात सार्वजनिक वाचनालयात. १८४० पासून चालत आलेलं हे वाचनालय आमच्या मुलांचं दुसरं घर झालं. तिने पोहण्याचा क्लब धरला आणि तिथे तिला दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. हे आम्ही दोन वर्षं आधी करायला हवं होतं. तुमचा निर्णय झाला, तर पुस्तकं नंतर आणा, आधी अशी चार घरं शोधा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण आमच्यातले काही पालक शाळा या कल्पनेलाच शिव्या देतात आणि मला ते सहन होत नाही. १८४८ साली सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा शेण-दगड झेलून त्यांनी शाळेचं दार उघडलं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, म्हणजे शाळाच मुलांच्या मागे रानात नेली. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या मुलीला शाळा मिळते म्हणून तिचं लग्न चार वर्षं पुढे जातं. त्या कायद्यातली सक्ती तिच्यासाठी आहे आणि ती असलीच पाहिजे. माझ्या घरात शिकलेली आई, पुस्तकं आणि नोकरी सोडायची सोय होती, म्हणून मी वेगळं करू शकले. हा हक्क मी मिरवत नाही.

टाळेबंदीचं एक सांगते. मार्च २०२० नंतर पुष्कळ जण म्हणाले, 'आम्ही पण होमस्कूलिंग केलं, नको वाटलं.' ते होमस्कूलिंग नव्हतं, ती शाळाच मोबाइलवर आली होती. त्यातून सुटका नव्हती आणि डबाही एकट्याने खायचा होता. त्या अनुभवावरून पारख करू नका.

आता तुमच्या मुलाकडे येते. सोमवारी पोट दुखतं, यावरून घरशाळा करावी की नाही हे ठरत नाही. आधी तो शाळेत कुठे अडतोय ते शोधा. कुणी मारतं का, बाथरूमला जायची भीती वाटते का, फळ्यावरचं नीट दिसत नाही का. माझ्या वर्गात एका मुलीचं महिनाभर डोकं दुखत होतं आणि शेवटी चष्मा निघाला. यातलं काही असेल, तर ते शाळेत राहूनच सुटतं आणि सोडवावं. त्याला समोर बसवून 'काय झालं?' विचारू नका. तो 'काही नाही' म्हणेल. रात्री दिवा मालवल्यावर विचारा, किंवा त्याच्याकडून शेंगा सोलून घेताना.

आणि पुढचे तीन आठवडे एक वही करा. तो स्वतःहून काय विचारतो तेवढंच तिच्यात लिहा, त्याच्याच शब्दांत. उत्तर लिहू नका, सुधारू नका. तीन आठवड्यांनी तुम्ही आणि मुलाचे बाबा दोघांनी ती वही शांतपणे वाचा आणि विचार करा की या प्रश्नांजवळ रोज बसायला आपल्यापैकी कोण मोकळं आहे, आणि किती वर्षं. घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांनाही वाचायला द्या.

एवढं करूनही घरीच शिकवायचं ठरलं, तर वर्षाच्या मध्येच काढू नका, एप्रिलअखेरीला शाळा सोडल्याचा दाखला मागा. मागताना शाळेशी भांडू नका, त्या बाईंना पेढे द्या. दाखल्यावर जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा, आधार कार्डाशी जुळवून, कारण दहावीच्या फॉर्मला हेच अडतं. मग पुढच्या गुरुवारी त्याला घेऊन सोमेश्वरला या. आम्ही दहा वाजता पोचतो, आणि येताना घरून थालीपीठ आणतो.